रंजीता मॅडमची न चालणारी पदवी

रिसोडहून रिठदकडे निघालं की मध्ये उजव्या हाताला एक फाटा लागतो. फाट्यापासून आत गेलेल्या गावात एक शाळा आहे आणि त्या शाळेत रंजीता मॅडम गेली अकरा वर्षं इंग्रजी शिकवतात. शाळेचं नाव सांगण्यात अर्थ नाही, अशा शाळा कुठंही सापडतील. पुढं पत्र्याच्या खोल्या, मागं अध्यक्षांचं सोयाबीन, आणि ऑफिसात अध्यक्ष गुलाबरावांचा हार घातलेला फोटो. माणूस चांगला धडधाकट जिवंत आहे, पण फोटोचा हार दर सोमवारी बदलला जातो आणि ते काम शिपायाच्या नोकरीतच धरलेलं आहे.

रंजीताचं माहेर तिथून जवळच्या तांड्यातलं. आईबाप, सोनीबाई आणि रामधन, ऊसतोडीचे मजूर. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक तांड्यात यायचा. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं, सगळं त्यात चढायचं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला उन्हानं करपून परत यायचं. पहिलीपासून सातवीपर्यंत रंजीता दरवर्षी अशी गेली. सात वर्षांच्या शाळेतली निम्मीच तिच्या वाट्याला आली. घरात बंजाऱ्यांची गोरमाटी, शाळेत मराठी, आणि त्यावर इंग्रजी, अशी तिसऱ्या मजल्यावरची भाषा घेऊन ती बी.ए. झाली, बी.एड. झाली. लोक याला जिद्द म्हणतात आणि सत्काराला बोलावून नारळ देतात. तिला त्या शब्दाचा मनस्वी राग आहे. आठवीला तिला लांबच्या आश्रमशाळेत टाकलं म्हणून ती शिकली. तिच्याबरोबरच्या तांड्यातल्या पोरी तितक्याच हुशार होत्या आणि आज त्या कोयता घेऊन ट्रकमध्ये चढतात. त्यांच्यात काय जिद्द कमी होती?

तीन वर्षांमागच्या सव्वीस जानेवारीला गुलाबरावांनी झेंड्याखाली भाषण केलं. शाळेला अकरावी-बारावीची मान्यता मिळणार होती. इंग्रजीची पूर्ण पगाराची, कायमची जागा निघणार होती. "इंग्रजीत एम.ए. करून जो मास्टर होईल, त्याची ती जागा," गुलाबराव म्हणाले. "आपल्या घरचे दोन शिक्षक आहेत, बाहेरचा माणूस आणणार नाही. हा माझा शब्द." टाळ्या पडल्या. रंजीतानंही मनापासून वाजवल्या. तोवरच्या आठ वर्षांत तिला पूर्ण पगार कधी दिसला नव्हता, आणि तांड्यातल्या पोरींना दहावीनंतर जवळपास कॉलेज नव्हतं. ती जागा मिळाली तर दोन्ही गोष्टी एका दारातून आत येणार होत्या.

इंग्रजीचे ते दोन शिक्षक म्हणजे एक रंजीता आणि दुसरा सार्थक, गुलाबरावांचा पुतण्या. सार्थक वाईट नव्हता. उलट गोड होता, आणि त्याच्या गोडपणापुढं कुणालाच काही बोलता यायचं नाही, ही खरी अडचण होती. गाईडमधली इंग्रजी ओळ वाचायची, तिचा मराठी अर्थ सांगायचा, पोरांनी तो वहीत उतरवून घ्यायचा, की झाला तास. याशिवाय रिसोडला एका कृषी केंद्राच्या माडीवर त्यानं अभ्यास केंद्र काढलं होतं. कुठल्यातरी दूरच्या राज्यातल्या विद्यापीठाच्या घरबसल्या पदव्या तिथं मिळत. तालुक्यातले निम्मे मास्तर त्या जिन्यानं वर जाऊन आले होते.

रंजीताही गेली. सगळे जातात तिथं जायचं, तिलाही दुसरं काही माहीत नव्हतं.

"ताई, तुमी फक्त सही करा," सार्थक म्हणाला. "बाकी मी भरून टाकतो."

पण आयुष्यभर पोरांना अर्ज लिहायला शिकवणारी बाई, दुसऱ्याकडून अर्ज भरून कशी घेईल? तिनं पेन काढलं आणि एकेक रकाना वाचून भरायला घेतला. नाव, गाव, जन्मतारीख. मग एक रकाना आला: शिक्षणात खंड पडला आहे काय? असल्यास कालावधी व कारण. रंजीतानं लिहिलं, "होय. पहिली ते सातवी, दरवर्षी दिवाळी ते गुढीपाडवा. कारण, आईवडील ऊसतोडीला."

सार्थकनं वाचलं आणि त्याला हसू आवरेना. "ताई, हे काय लिवून ठेवलं? बारावीनंतर वर्ष वाया गेलं का, एवढंच विचारतात ते. तुमी तं पार पहिलीपासून सुरू झाल्या. फॉर्म वापस येईन." आणि तिच्या देखत त्यानं त्या ओळीवर पेनाची रेघ मारली, वर 'नाही' लिहिलं.

"खंड पडला होता, सर."

"पडला असंन. पन कोनाले सांगायची गरज काय? झाकून राह्यलेलं बरं."

रंजीतानं पेनाला टोपण लावलं. मग तिनं विचारलं, "इथं शिकवतात काय?"

"शिकवायचं काय त्याच्यात? पुस्तकं भेटतीन. असाइनमेंट तयार हायेत, तुमी उतरून काढा, नाई तं तेही पाहून घेऊ. पेपरले पुस्तक उघडं ठेवू देतात. दीड वर्षात डिग्री हातात."

"म्हंजे मी काहीच शिकनार नाई?"

"तुमाले आता शिकायचं काय राह्यलं ताई? तुमी तं सोता शिकवता."

हे तो कौतुकानं म्हणाला, हे आणखी वाईट. रंजीतानं टेबलावरचा अर्ज उचलला, घडी घातली, पर्समध्ये टाकला आणि जिना उतरून खाली आली. आपल्याला राग नेमका कशाचा आला, हे तिला खाली रस्त्यावर आल्यावर कळलं. ज्या ओळीवर त्यानं रेघ ओढली, त्या ओळीत तिची सात वर्षं होती. थंडीत पहाटे उसाच्या पाल्यावर पडलेलं दव, हाताला झालेल्या चिरा, पाचटानं बांधलेल्या कोपीच्या दारात धाकट्या भावाला सांभाळत बसणं, आणि परत आल्यावर वर्गात आपलं नाव हजेरीतून गेलेलं असणं. ती लपवायची गोष्ट आहे, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. लाज कुणाला वाटायला हवी होती, आणि वाटून घ्यायला कुणाला सांगितलं जात होतं!

तिचा नवरा वीरेंद्र रिसोड ते रिठद जीप चालवतो. त्या दिवशी पुढच्या सीटवर बसून ती अख्खा रस्ता बडबडत आली.

"कायले भांडत बसते?" वीरेंद्र म्हणाला. "डिग्री ते डिग्री. तुले जागा पायजे का शिक्षण पायजे?"

"दोनी पायजे."

"दोनी भेटत नसते बापा."

"काहून नाई भेटत? उद्या तुमचं ऑपरेशन असंन, आन डॉक्टर म्हनला का मी पुस्तक उघडं ठेवून पास झालो, तं निजान का तुमी त्याच्या टेबलावर?"

मागं बसलेली सवारी हसली. वीरेंद्रनं गिअर बदलला आणि म्हणाला, "मंग शोध दुसरं. पन नीट पाहून शोध, मागून माह्या नावानं रडू नको."

तिनं शोधायला घेतलं. घरी नेट धड चालत नाही, म्हणून वीरेंद्रच्या फेऱ्यांमध्ये ती जीपमध्ये बसून फोन लावायची. प्रत्येक ठिकाणी तिनं एकच प्रश्न विचारला: माझी पोरं दिवाळीला जातात आणि पाडव्याला येतात. घरी गोरमाटी बोलतात, शाळेत मराठी ऐकतात. अशा पोराला सहावीचं इंग्रजी कुठून सुरू करायचं, हे तुमच्या अभ्यासक्रमात आहे का? एका ठिकाणच्या मुलीनं तिला चार वेळा प्रश्न परत विचारायला लावला आणि शेवटी फी सांगितली. एक मोठं, नावाजलेलं विद्यापीठ होतं, तिथली पदवी खरीखुरी. पण त्यात कविता, नाटकं आणि टीका. ते सगळं तिला आवडलं असतं, पण तिच्या सहावीच्या वर्गाला त्याचा काय उपयोग, हे तिथल्या साहेबांना सांगता आलं नाही. "मॅडम, शिकवण्याची पद्धत तुम्ही बी.एड.ला केलीच असेल ना," ते म्हणाले. परदेशातला एक अभ्यासक्रम तर सगळाच फोनवर. त्याच्या चित्रातल्या वर्गात अकरा मुलं गोल टेबलाभोवती बसलेली. रंजीताच्या वर्गात त्रेसष्ट मुलं आणि बाकडी तेवीस.

शेवटी दक्षिणेतल्या एका विद्यापीठाचा एम.ए. सापडला, इंग्रजी भाषा अध्यापनाचा. पत्रद्वारा दोन वर्षं, उन्हाळ्यात पंधरा दिवस तिथं जाऊन राहायचं, आणि दर सत्राला स्वतःच्या वर्गाचं रेकॉर्डिंग पाठवायचं. त्यांच्याही अर्जात खंडाचा रकाना होता. रंजीतानं परत तेच लिहिलं, आणि यावेळी अक्षर मोठं काढलं.

आठ दिवसांनी फोन आला. तनुजा मॅडम म्हणून तिथल्या प्राध्यापक, मराठी बोलणाऱ्या. "तुमच्या अर्जातल्या त्या ओळीबद्दल विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. रंजीताला वाटलं, झालं. म्हणजे इथंही रेघ मारायला लावणार.

"ऊसतोडीवर असताना इंग्रजी कुठं दिसायचं का तुम्हाला?"

असं कुणी आयुष्यात विचारलं नव्हतं.  रंजीता सांगू लागली. कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी मोजली की एक पावती मिळायची. रामधनला ती वाचता येत नसे, म्हणून तो रंजीताला पुढं करायचा. पावतीवर तीन इंग्रजी शब्द असायचे, ग्रॉस, टेअर आणि नेट. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, आणि मधलं उसाचं. शाळेत ए फॉर ॲपल यायच्या आधी तिला हे तीन शब्द वाचता येत होते आणि त्यांचा अर्थही कळत होता.

"मग हेच तुमचं पहिलं असाइनमेंट," तनुजा मॅडम म्हणाल्या. "तुम्ही इंग्रजी कशा शिकलात ते लिहा. आणि तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नाही. तुमचा वर्ग आम्हाला दाखवा, आपण मिळून शोधू."

उत्तर आमच्याकडे नाही, असं सांगणारं ते एकटंच विद्यापीठ निघालं. रंजीतानं तिथंच नाव घातलं.

पुढची दोन वर्षं काही सुखाची गेली नाहीत. पहिलंच रेकॉर्डिंग तिनं घरी लावून ऐकलं. अख्ख्या तासात बाईच बोलत होत्या. त्रेसष्ट पोरं मिळून दीड मिनिट बोलली होती, आणि त्यातलं एक मिनिट 'येस मॅडम' होतं. सार्थकच्या गाईडला हसणारी ती, आणि तिच्या तासातही पोरांच्या तोंडाला कुलूपच होतं. त्या दिवशी तिला सार्थकपेक्षा स्वतःचा राग जास्त आला. मग तिनं वर्ग बदलायला घेतला. गोष्ट आधी पोरांनी गोरमाटीत सांगायची, मग मराठीत, मग त्यातले येतील तेवढे शब्द इंग्रजीत. पाडव्याला परत आलेल्या पोरांना मागच्या धड्यात कोंबायचं नाही. ती जिथून आली तिथलंच बोलायचं. तांड्यातल्या सोमलाची रेणू नववीत होती, सहा महिने तोडीवर जाऊन आलेली. तिनं फळ्यापुढं उभं राहून कोपी कशी बांधतात ते इंग्रजीत सांगितलं. मोडकंतोडकं होतं, पण सगळं तिचं होतं. खालची पोरं तिच्या चुका काढायच्या ऐवजी तिला प्रश्न विचारत होती, तेही इंग्रजीत. रेकॉर्डिंग ऐकून तनुजा मॅडमनी दोन पानं लिहून पाठवली, त्यातलं दीड पान चुका दाखवणारं. रंजीतानं ती पानं कपाटात ठेवली आहेत, नारळाचे सत्कार नाहीत ठेवले.

सार्थकची, त्याच्याच केंद्रातली, पदवी तिच्या आधी सहा महिने आली. पेपर तीन दिवस चालले, चौथ्या दिवशी त्यानं स्टाफरूममध्ये पेढे वाटले. एकही पुस्तक न वाचता तो इंग्रजीचा मास्टर झाला होता, आणि हे तो लपवत नव्हता. "ताई, तुमी उगंच तरास करून राह्यल्या," तो म्हणायचा. त्याला तिची खरोखर कीव यायची.

गेल्या उन्हाळ्यात जागेची मुलाखत झाली. टेबलामागं गुलाबराव, हेडसर आणि संस्थेचे दोन सभासद. रंजीता दोन वर्षांचं काम फाईलमध्ये लावून घेऊन गेली होती. फाईल कुणी उघडली नाही. एका सभासदानं विचारलं, यंदा तांड्यातून दहावीला किती पोरं बसली. दुसऱ्यानं विचारलं, नवरा काय करतो. मग गुलाबराव म्हणाले, "बाई, तुझं काम चांगलं आहे, त्यात वाद नाही. पण तुझी पदवी इंग्रजी कसं शिकवायचं याची आहे. आपल्याला पाहिजे इंग्रजीची. तुझी चालत नाही."

"साहेब, जागा शिकवायचीच आहे ना?"

"तसं नसतं ते. नियम असतो."

"कोणता नियम? मला दाखवा."

"ऑफिसात आहे," गुलाबराव म्हणाले. ऑफिसात विचारलं तर क्लार्क म्हणाला, साहेबांकडे असेल. जागा सार्थकला मिळाली. नियम काय होता, तो आजवर कुणी दाखवलेला नाही.

इंग्रजी शिकवता येतं म्हणून इंग्रजी शिकवायला घेत नाहीत, यावर हसावं का रडावं? रंजीतानं दोन्ही केलं नाही. ती घरी आली आणि फाईल पलंगावर आपटली. सोनीबाई तांड्यातून येऊन बसली. गोरमाटीत आईला याडी म्हणतात, आणि याडीला पदवीतलं काही कळत नव्हतं. पण तिला एवढं कळलं की आपल्या पोरीनं माल दाखवला आणि समोरच्यानं तो वजनाला न लावताच परत केला. "काट्यावर बी असं करत नोते," ती म्हणाली. "गाडी मोजल्याबिगर कोनी वापस नाई पाठोली."

एवढ्यावर थांबलं असतं तर रंजीतानं बहुधा गिळलंही असतं. अशा गोष्टी गिळत गिळतच ती चाळिशीला आली होती. पण जूनमध्ये हेडसरांनी तिच्या हातात पत्र ठेवलं. आपल्याकडे एक रीत आहे, शाळा सुरू व्हायच्या आधी मास्तरांनी गावोगाव फिरून पोरं गोळा करायची. पट भरला नाही तर तुकडी जाते, आणि तुकडी गेली तर जागा जाते. अकरावीच्या नव्या तुकडीसाठी रंजीतानं तांड्यात जाऊन नावं आणावीत, असं पत्रात होतं.

"तांडा तुमचा आहे, तुमचं ऐकतात," हेडसर म्हणाले. मग आवाज खाली आणून पुढं म्हणाले, "विचारलं तर सांगा, इंग्रजीला रंजीता मॅडमही आहेत. मदतीला म्हणून येत जा तुम्ही वर्गावर. नाव सार्थक सरांचं राहील, पण पोरांचं भलं होईल."

 पदवी चालत नाही, पण पदवीवाल्या बाईचं नाव चालतं. तिच्या शब्दावर पोरं आणायची, तिच्याकडून शिकवून घ्यायची, आणि जागेवर पुतण्या बसवायचा. हेडसरांनी हे हळू आवाजात सांगितलं, म्हणजे आपण काय सांगतो आहोत हे त्यांना पुरतं माहीत होतं. ती पत्र घेऊन बाहेर पडली.

तांड्यात यंदा दहावी पास झालेली बारा पोरं होती, त्यातल्या सात पोरी. तांड्याचा पुढारी, नाईक हेमसिंग, त्याच्या ओट्यावर सगळ्यांचे आईबाप जमले. रंजीता कागद-पेन घेऊन बसली. पहिलं नाव रेणूचं. तिचा बाप सोमला पुढं होऊन म्हणाला, "लिव. तुह्याच भरवशावर धाडून राह्यलो. इंग्रजी तूच शिकवशीन ना?"

नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. बारा नावं आली असती, हेडसर खूष, गुलाबराव खूष. मदतीला म्हणून ती वर्गात गेलीही असती. तिनं रेणूकडं पाहिलं. रेणू हातातली गुणपत्रिका उलगडून बसली होती, इंग्रजीला त्र्याऐंशी.

"मी नाई," रंजीता म्हणाली. "सार्थक सर शिकवतीन. मले जागा नाई देल्ली."

 मग सोनीबाई उठली. "मंग तू इथं कायले आली?"

"नावं लिवाले धाडलं, याडी."

"तुले नाकारलं, आन तुह्याच तोंडानं पोट्टे बोलावतात? तुले काईच वाटत नाई?"

"वाटते ना! लय वाटते. म्हनून तं खरं सांगून राह्यली."

सोमला मागं सरकला. "मंग राहू दे. रेणू येईन यंदा आमच्यासंग तोडीले. एक हात वाढते."

हे तो रागानं बोलला नाही, हिशेबानं बोलला. खरं सांगून ती मोकळी झाली होती, आणि त्याची किंमत रेणू मोजणार होती. असा मोकळेपणा काय चाटायचा आहे? खोटं बोलली असती तर पोरगी निदान शाळेत बसली असती, गाईड उतरत का होईना. आपल्यावर ही पाळी आणणाऱ्या सगळ्यांचा तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि आपण रडतो आहोत याचाही संताप आला.

"तोडीले नाई," ती म्हणाली. "रिसोडले घाला. तिथं चांगलं कॉलेज हाये. सकाळच्या फेरीले आमची जीप तांड्यातून येईन, आन संध्याकाळी वापस सोडीन. पोरींची जबाबदारी माही."

"जीपवाल्याले विचारलं का?" हेमसिंगनं विचारलं.

"विचारते."

तिनं नंतर विचारलं. वीरेंद्र पाऊण तास कुरकुरला. सकाळची रिठदची सवारी बुडेल म्हणाला, तांड्याचा रस्ता जीप खातो म्हणाला, तू शिक्षिका आहेस का समाजसेविका म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं मागचा टायर बदलून घेतला.

बारापैकी नऊ पोरं रिसोडला लागली, त्यात रेणू. दोन पोरगे ट्रकची वाट पाहत घरीच राहिले. एक पोरगी, रूपा, तिचं लग्न श्रावणाच्या आधी उरकलं. त्या तिघांचं काय, हे रंजीता स्वतःला रोज विचारते, आणि ते विचारायचं काम तिच्या एकटीचं का, याचाही तिला राग येतो. शाळेत अकरावीची तुकडी भरली नाही. सार्थकच्या वर्गात चौदा नावं होती, त्यातली पाच कागदावरचीच.

जुलैमध्ये रंजीताला संस्थेची नोटीस आली. संस्थेच्या हिताविरुद्ध वर्तन केल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये, सात दिवसांत लेखी खुलासा करावा. स्टाफरूममध्ये सगळे तिच्याभोवती गोळा झाले. माफी मागून टाका, दोन ओळी लिहा, विषय मिटवा, असं प्रत्येकानं सांगितलं. सार्थकही आला. "ताई, मी लिवून देऊ का? काकाले कशी भाषा लागते ते मले ठाऊक हाये."

"नको," रंजीता म्हणाली. "मले लिवता येते."

तिनं त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, फाटकापाशी बाकावर बसून खुलासा लिहिला.

"मा. अध्यक्ष साहेब, आपल्या पत्रानुसार मी तांड्यात गेले आणि बाराही घरच्या पालकांना भेटले. त्यांनी विचारलं, इंग्रजी कोण शिकवणार. मी खरं नाव सांगितलं. मुलं कुठं घालायची ते पालकांनी ठरवलं. खोटं सांगावं असा आपला लेखी आदेश नव्हता. तोंडी होता, म्हणून सोबत जोडता आला नाही."

खाली सही केली. सहीखाली तिनं आजवर कधी काही लिहिलं नव्हतं, पदवी मिळाल्यावरही नाही. यावेळी एकेक अक्षर ठसठशीत काढून तिनं लिहिलं: एम.ए., इंग्रजी भाषा अध्यापन.

हेडसरांनी कागद दोनदा वाचला. "हे खालचं कशाला? हे आपल्याकडे चालत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. शिक्का मारा, सर. मला पोच पाहिजे."

नोटिशीचा खुलासा नाकारता येत नाही. घेतला नाही तर कारवाई पुढं सरकत नाही, आणि कारवाईची तर सगळ्यांना घाई होती. हेडसरांनी मान हलवली. क्लार्कनं आवकची वही ओढली, कागदावर शिक्का मारला, क्रमांक टाकला, तारीख टाकली, आणि पाठवणाऱ्याचं नाव लिहायच्या रकान्यात समोरच्या कागदावर होतं तसंच्या तसं, न चालणाऱ्या पदवीसकट उतरवून काढलं.